मध्यम आकाराचं

या, आत या. चपला काढू नका, पण पाय झटका;
वाळू टाकीत गेली
की पंप माझ्याशी आठवडाभर बोलत नाही.

मी हशमत तांडेल. प्राध्यापक नव्हे,
किल्ल्या माझ्याकडे असतात.
गाव हर्णै. एकवीस वर्षं इथे, सूर शहरात.
गावी सांगितलं की हसायचे:
सुरात आहेस ना? मग झालं.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलंय,
"मध्यम आकाराचं सार्वजनिक विद्यापीठ."
कुलसचिवांना तो शब्द खटकतो.
मला नाही. सुराला मध्यम लागतोच की.
मध्यम म्हणजे चार हजार पोरं,
आणि फाटकावरचा मुबारक त्यातल्या निम्म्यांना
बापाच्या नावानं हाक मारतो.
मध्यम म्हणजे ग्रंथालयाला लिफ्ट एकच,
तीही परीक्षेच्या दिवसांत रुसते.
मध्यम म्हणजे जालानहून येणारी बस,
आरशात शमसा धावताना दिसली तर थांबते.

मुलींचं वसतिगृह समुद्राकडे तोंड करून आहे.
खिडक्या मात्र उघडत नाहीत,
खाऱ्या वाऱ्यानं कड्या खाल्ल्यात.
हे पुस्तिकेत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

काय म्हणालात, काकू? पुढे काय?
कल्हातच्या गॅस कारखान्यात आमची अकरा जणं आहेत.
दोघी रास अल जिंझला रात्रभर
कासवांची अंडी मोजतात.
एक मस्कतला, बँकेत.
आणि एक, खोटं कशाला बोलू, अजून घरीच आहे.
दर रविवारी येतो, अर्ज छापतो.
कागद मी देतो.

ही टाकी. एकोणीस मीटर.
इथे पोरं हातभर लांबीची गलबतं करतात
आणि मोटारीनं उठवलेल्या लाटांवर सोडतात.
हे कपाट बुडालेल्यांचं.
फेकायचं नाही असा नियम आहे.
प्रत्येकाला चिठ्ठी: कोणी केलं, कसं बुडालं.

गेल्या वर्षी या कपाटापुढे
खल्फान अल-मुखैनी उभे होते, सिमेंटचे व्यापारी.
म्हणाले, मोठ्यांना पैसे दिले
तर इमारतीवर माझं नाव लागतं.
तुमच्याकडे काय लागतं?
अधिष्ठातांच्या हातातला कहवा डुचमळला.
मला काही सुचलं नाही, मी कपाट उघडलं.

ते बघत राहिले. मग एक गलबत उचललं,
नाळेकडून डोळ्याला लावलं,
जसं माझा आजा हर्णैच्या बंदरात लावायचा,
आणि म्हणाले, डावी चौथी बरगडी.
कोणी तासली?

जुवैना मागे उभी होती. म्हणाली, मी.
घाई केलीस.
हो.
माझ्या बापानं मला याच चुकीसाठी
दिवसभर उन्हात उभं केलं होतं.
मग त्यांना सिमेंट बरं वाटलं असावं,
पण ते काही बोलले नाहीत.
चेकही दिला नाही. मोटारीत बसून निघून गेले.

नवव्या दिवशी मुबारक एक पुडकं घेऊन आला.
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाकस.
पातं झिजून बोटभर उरलेलं,
दांड्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा खळगा.

देणग्यांच्या वहीत रकाना एकच: रक्कम.
हिशेबनीस म्हणाला, शून्य लिही.
मी लिहिलं: वाकस, एक. चालू.

तो बघा, खिळ्याला टांगलाय.
धुळीला वेळ मिळत नाही त्याच्यावर बसायला.
खळग्यात जुवैनाचा अंगठा अजून सैल बसतो.
ती म्हणते, भरेल.

चला, कॅन्टीन उजवीकडे.
कहवा फुकट, खजूर फर्दचा.
जिना जपून,
तिसरी पायरी हलते.
कुणाला तिच्यासाठी काही द्यायचं असेल,
तर वही माझ्याकडेच आहे.